दाजींची गिटार परत पाठवण्याबाबत

नेकनूर,
वैशाख, टँकर यायच्या आधी

तीर्थरूप राधाकिशन दाजींच्या पायांवर धर्मराजचं डोकं, आणि सावित्रीअक्काला दंडवत.

तुमचा गुडघा, अक्काची शुगर आणि पुण्यातलं पाणी ही तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. आमच्याकडं वाळायचं ते वाळलं, उरलेलं खुशाल आहे. तुमचं पत्र पोचलं. तुम्ही रिटायर झालात, वेळ जात नाही, स्वतः शिकायचं मनात आलंय, म्हणून मला दिलेली गिटार आणि तिच्यासोबतचं पुस्तक मिळेल त्या एसटीनं परत पाठव, असं लिहिलंत. वाचून आनंद झाला. (पुस्तक पाठवलं आहे. गिटारीच्या निघण्यात मात्र थोडी अडचण आहे, आणि ती कळायची तर पहिल्यापासून सांगावं लागेल.)

यंदा कारखाना पेटलाच नाही. ऊसच नाही तर पेटणार काय. मी काट्यावरचा कारकून. काटा रिकामा म्हणून मीही रिकामा. घरात रिकामा पुरुष बसला की बाईला त्याला दिवसभर ओलांडून जावं लागतं, असं आमच्या चतुराचं म्हणणं. त्या दिवसांत तुमची गिटार कामाला आली. पुस्तकाचा पहिला भाग मी पावसाची वाट बघत संपवला. दुसऱ्या भागात सुरुवातीलाच लिहिलंय की आता नुसते कॉर्ड घोकत बसू नका, गाणी वाजवा, पुढचं गाणंच शिकवतं. सल्ला चांगला आहे. पण पुस्तकातली गाणी सगळी समुद्रकाठची, आणि आमच्याकडं विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरी हिरमुसायला होतं. म्हणून चतुरा भाकरी थापताना तिच्या आईचं एक गाणं म्हणते, तेच धरलं. सासरी पोरगी वाट बघत असते, भाऊ न्यायला निघतो, वेशीपाशी येतो, मग दारात येतो आणि ती रडते. तीन कॉर्डमध्ये भाऊ वेशीपर्यंत आरामात पोचतो. दारात यायला मात्र चौथा कॉर्ड, एफ लागतो.

एफ म्हणजे काय ते तुम्ही आता शिकणारच आहात तेव्हा कळेल. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, बाकीची बोटं जातील तिथं नेऊन बसवायची, आणि एवढं करून आवाज येतो तो नुसता थडथड. मी बोटं लावायला थांबायचो, चतुरा थांबायची नाही. एकदा म्हणाली, “आवो, तुमचं बोट बसंपर्यंत भावानं उनात हुबं ऱ्हावं का?” पुढं तिला माझी कीव आली असावी, कारण त्या जागी ती थांबायला लागली. थापलेली भाकरी हातावर, तोंड अर्धवट उघडं, नजर माझ्या बोटांवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई माझ्यासाठी कधी कशाला थांबल्याचं मला आठवत नाही. लई बरं वाटायचं, दाजी. (तव्यावरच्या करपल्या त्या भाकरी मी खाल्ल्या.)

गावातही बातमी फुटली. टँकरच्या रांगेत घागरी लावून मी तिथंच सराव करायचो, तर लोक मूळव्याधीची करावी तशी चौकशी करायचे, एफ बसला का न्हाई आजून म्हणून. आश्रुबा आप्पांनी तर एरंडाचं तेल लावून बघ म्हणून सांगितलं. लावलं. बोट निसटायला लागलं. चतुराचा आवाज उंच, म्हणून गिटारीच्या गळ्याला आवळायचा तो चाप हवा होता, तो बीडलाही मिळाला नाही. मग पेन्सिल आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबनं बांधली. गाणं वर चढलं, एफ जागचा हलला नाही.

इथपर्यंत गिटार घरातच होती, हे ध्यानात घ्यावं.

चैत्रात गावानं पावसासाठी सप्ताह बसवला. पुण्यात राहून तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो, सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकानं गळ्यात घेऊन तार छेडत उभं राहायचं, पहारा संपला की दुसऱ्याच्या पाया पडून त्याच्या गळ्यात घालायची. यंदा आश्रुबा आप्पांच्या पहाऱ्यात वीणेचा भोपळा उन्हानं तडकला आणि नुसती दांडी त्यांच्या गळ्यात लोंबायला लागली. आप्पा हलले नाहीत. पण वीणा बंद म्हणजे सप्ताह मोडला, आणि सप्ताह मोडल्यावर पाऊस कुठल्या तोंडानं मागायचा. पेटीवाला रामहरी ऊसतोडीहून परतला नव्हता, नाहीतर त्यानं काही तोड काढली असती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, “तारा हायेत, पट्टा हाय, गळ्यात बसती. आन की बे.” मी आणली. (तुम्ही असतात तर तुम्हीही आणली असती. नसती आणली तर तुम्हाला या गावातून कुणी एसटीपर्यंत सोडलं नसतं.)

गिटारीला बुक्का लागला, हार पडला. आता ती वीणा झाली, आणि वीणेला सा आणि प यापलीकडं काही बोलायचं नसतं, म्हणून मी सगळ्या तारा पिळून त्या दोन सुरांत लावल्या. माझा पहारा दुपारचा, बायकांच्या भजनाच्या वेळेचा. मधेच बायकांनी चतुराला आग्रह केला आणि तिनं तेच गाणं उचललं. मी बोट सरकवत गाण्याच्या मागं मागं गेलो. भाऊ निघाला, वेशीपाशी आला. पण तारा बदललेल्या, त्यामुळं तिसऱ्या पडद्यावर नुसतं एक बोट आडवं टाकलं आणि एफ आला. अर्धामुर्धा असेल, पण थडथड नाही, आणि वेळेवर. चतुरा सवयीनं थांबणारच होती, तिनं दचकून माझ्याकडं बघितलं आणि पुढची ओळ घेतली. भाऊ दारात आला. गाणं पहिल्यांदा शेवटाला गेलं. बायका रडल्या. मीही रडलो, पण दोन्ही हात वीणेत अडकलेले, डोळे पुसता आले नाहीत. याला प्रगती म्हणायची की लबाडी, ते पुस्तकात शोधलं, सापडलं नाही.

मिरजेहून भोपळा बसवून वीणा आली की गिटार घरी न्यायची, असं ठरलं होतं. पण काल्याच्या दिवशी पाऊस आला. शेतात नाही, मांडवापुरता. बायकांच्या वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या तेवढाच. तरी गावाचं एकमत झालं की जुन्या वीणेला इतकी वर्षं जमलं नाही ते या नव्या वीणेनं केलं. सोसायटीचे चेअरमन भगवानराव यांनी माईक घेतला (ते माईकही खाली टेकवत नाहीत) आणि ही वीणा पुण्याच्या राधाकिशन दाजींनी देवाला वाहिली असं जाहीर केलं. मी लांबून हात हलवून नाही नाही केलं. त्यांनी तो नमस्कार समजून परत नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी मुंजाजी पेंटरनं गिटारीच्या पोटावर ऑइलपेंटनं लिहिलं, ‘सौ. सावित्रीबाई व श्री. राधाकिशन यांजकडून सप्रेम भेट’. अक्षर वळणदार आहे. देवळातल्या ट्यूबलाइटवर देणाऱ्याचं नाव एवढं मोठं आहे की उजेड कमी पडतो. तुमच्या नावानं फक्त आवाज थोडा बसलाय.

आता ती मारुतीच्या देवळात खुंटीला असते. मी रोज दर्शनाला जातो. हात लावायचा तर अंघोळ करून यावं लागतं, आणि अंघोळीपुरतं पाणी टँकर आला तरच असतं. गिटार न येण्याचं कारण एवढंच आहे. राग मानू नये, गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा मेहुणा,
धर्मराज

ता. क. : पुढच्या महिन्यात तुम्हा उभयतांचा सत्कार ठेवला आहे. फेटा, शाल, नारळ. जरूर यावं, पण स्टेजवर गिटार मागू नये. भगवानरावांना तुमच्याकडून पखवाजाचीही आशा आहे.

ता. क. : पुस्तक पाठवलं असं वर लिहिलंय. ते अजून घरातच आहे.

ता. क. : खरं लिहायचं ते राहिलंच. चतुरा भाकरी थापताना अजून तेच गाणं म्हणते, आणि एफच्या जागी थांबते. सवय. माझ्या हातांकडं बघते, हातांत काही नसतं. मी तोंडानं सूर देऊन पाहिला, त्यावर ती नुसती हसली आणि गाणं तिथंच सोडून तव्याकडं वळली. म्हणून विनंती अशी, की तुम्ही स्वतःसाठी नवीन गिटार घ्याल तेव्हा दाजी, माझ्यासाठी एक जुनीपानी बघा. तडकलेली चालेल, दोन तारा कमी असल्या तरी चालेल. भाऊ रोज वेशीपर्यंत येतो आणि उन्हात उभा राहतो.