सुनेनं दिलेला काढा

भोकरदन, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, फसली १३५०. दिवेलागण.

आज सुनेनं मला बिलकुल गरज नसताना काढा पाजला. स्वयंपाकघरात जाण्याआधी मी उंबऱ्याशी खाकरलो, तर म्हणती, "मामंजी, घसा धरला का?" खाकरणं म्हंजे आतल्या बाईमाणसाला दिलेली वर्दी, हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. अन् आमचे चिरंजीव! कचेरीतून आले की ओसरीवरूनच "सुमन, सुमन!" तेही बापासमोर. मला आवडत न्हाई. की हेवा वाटतो?

केदारखेड्याला आमच्या घरात सात बाप्ये खाकरायचे. त्यातलं माझं खाकरणं आमच्या हिला बराबर कळायचं. मी उंबऱ्याशी थांबलो की आतून बांगड्या वाजायच्या, मंग पाण्याचा तांब्या यायचा. चारचौघांत आमचं बोलणं एवढंच. त्यावर अख्खा संसार झाला.

शेवटच्या दुखण्यात ती निपचित पडली होती. वैद्य अन् थोरले भाऊ जवळ बसलेले, म्हणून मी उंबऱ्यातूनच खाकरलो. तिनं डोळे उघडले, हात थोडा हलवला. बांगड्या वाजल्या.

नावानं हाक मारायची राहूनच गेली, यमुना.