चाकं वर की खाली?

तळ्याकाठचं वर्कशॉप,
३ एप्रिल

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाण्यावर उतरण्यासाठी विमानाला कुठले फ्लोट, म्हणजे तरंगते पाय, बसवावेत, हे विचारणारं तुझं पत्र मिळालं. सोबत रंगाचे सात नमुनेही मिळाले. रंग ठरला म्हणजे निम्मं काम झालं, असं तुला वाटत असणार.

विमानं दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली, तेव्हा जरा मोठेपणा बाजूला ठेवून ऐक. साधे फ्लोट हलके, पण ते फक्त पाण्यावर उतरतात. चाकवाले फ्लोट धावपट्टीवरही चालतात, पण ते जड. शिवाय धावपट्टीवर चाकं खाली हवीत आणि पाण्यावर वर. पाण्यावर ती खाली राहिली, तर विमान नाकावर पालथं होतं आणि आतली माणसं पट्ट्यात उलटी लटकतात. हे लक्षात ठेवणार कोण, तर ज्याच्या गाडीचा उजवा इंडिकेटर तीस वर्षं चालूच राहिलाय तो. मला खरंच भीती वाटते, दादा.

तू स्वतःचं वजन अडुसष्ट किलो लिहिलंयस. ते तुझ्या लग्नातलं. आताचं कळव. वहिनीला तळी दाखवायचं कबूल केलंयस, तेव्हा तिचंही कळव.

तिला नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
चिमणी

घर,
११ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

भीती वाटायचं काही कारण नाही. अडतीस वर्षांच्या दवाखान्यात मी चुकीचा दात एकदाच काढला, आणि तोही किडायला आलाच होता. चाकवालेच फ्लोट पक्के. धावपट्टी घराजवळ आहे. विमान तुझ्या तळ्यावर ठेवून मी काय दर वेळी बसने येऊ?

माझं वजन एक्याण्णव भरलं. काटा जुना आहे. त्या हिशेबाने, जड फ्लोट धरून, विमानात एकच माणूस मावतो, हे तुझ्याआधी माझ्या लक्षात आलं. म्हणून शेजारची सीट काढून टाकली. सीट आणि तुझी वहिनी मिळून चांगले ऐंशी किलो वाचले. तिला अजून बोललो नाही. तिचे गुडघे दुखतात, तिला बरंच वाटेल. तळ्यांचे फोटो आणीन तिच्यासाठी.

फ्लोट लवकर मागव. रंग निळा.

तुझा,
दादा

घर,
२६ एप्रिल

प्रिय चिमणीस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझी सीट माळ्यावर सापडली. वर माझीच जुनी चादर घातली होती.

सध्या हे रोज सकाळी जेवणाच्या खुर्चीत बसून उतरायचा सराव करतात. हातात पोळपाट, तेच सुकाणू. मी मागे उभी राहून कधी पाणी म्हणते, कधी धावपट्टी, आणि यांनी चाकं वर की खाली ते सांगायचं. चाळीस वेळा उतरले, त्यात नऊ वेळा बुडाले. दर वेळी म्हणतात, खऱ्या विमानात असं होणार नाही, इथे चहाच्या वासाने लक्ष जातं.

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण नवव्यांदा बुडाले तेव्हा शेजारच्या खुर्चीत मी बसले होते, आणि हसू आलं नाही. मला हा माणूस हवा आहे गं, सुलटा.

तेव्हा साधे फ्लोट मागव. त्यांना चाकंच नाहीत, म्हणजे विसरायला काही उरत नाही. हलके असल्यामुळे दोघं मावतो, हे तूच फोनवर सांगितलंस. विमान तुझ्याकडे राहील, आम्ही बसने येऊ. माझी सीट मी खाली उतरवून घेतली आहे, ती बसवून दे.

मागणीच्या कागदावर मालकाची सही लागते, ती केली आहे. विमान घेताना हे चष्मा घरी विसरले होते, म्हणून सह्या मी केल्या आणि सगळे कागद माझ्या नावावर झाले. चाकांसारखंच तेही यांच्या लक्षात नाही.

आहे तशी माया ठेव. आल्यावर मला चाकांची गरज नसलेलं तुझं तळं दाखव.

तुझी,
वहिनी

ता. क. रंग लाल.