तळहातावरचा चहा

६ जाने., सोम.
पुन्हा तेच. सकाळी भाकरी, दुपारी भात, दोन्ही वेळेला पोटाचा ढोल. गहू सोडून हे दुसरं वर्ष. गिरणीत ज्वारीच्या आधी गहू दळलेला असतो म्हणून घरघंटी घेतली. हिंगात मैदा असतो हे डॉ.बाईंना मी सांगितलं, त्यांनी मला नाही. दुकानातल्या खारीच्या बरणीला हात लावत नाही, ती सौ. उघडते. म्हणजे आता चूक गव्हाची नाही. दुसरं कुणीतरी आहे.
डॉ.बाई म्हणाल्या, "गव्हाच्या जोडीला अजून काही सोसत नसेल. एकेक पदार्थ बंद करून बघा. दुधापासून सुरुवात करा."
"बाई, माझं चहाचं दुकान आहे."
"मग तर दुधापासूनच."
आधी दाणे बंद करणार.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
सौ.ने माझ्यापुरत्या बिनदाण्याच्या वड्या केल्या. केळकर, बँकेतून निवृत्त, रोज पहिल्या पातेल्याला हजर. लाडू हातावर ठेवत म्हणाले, "घ्या, गोड बोला. जमेल तेवढं." लाडवात दाण्याचं कूट. खिशात टाकला.
पोट जैसे थे. दाणे निर्दोष सुटले.

२५ जाने., शनि.
तूर बंद, फरक नाही. अंडी बंद, फरक नाही. टोमॅटो, वांगी, तेही नाही. मंडईत गेलो आणि दुधी घेऊन परत आलो. भाजीवाली म्हणाली, "साहेब, घरात कोण आजारी?"
पट्ट्याला नवीन भोक पाडलं.
जेवताना सौ. म्हणते, "अहो, सगळ्यांची झडती घेतलीत. दूध तेवढं मोकळं फिरतंय."
बरं. उद्यापासून दूध.

२ फेब्रु., रवि.
दूध, दही, ताक, तूप, सगळं बंद. गहू नसलेली बिस्किटंही गेली, त्यांत दूध पावडर (बारीक अक्षरात, पण मी वाचतो). माझे दिवसाचे दोन्ही चहा बंद, कोरा पितो. कोरा चहा म्हणजे रंग दिलेलं गरम पाणी.
आठवडाभर पाळलं. पोट तसंच. दूध निर्दोष.
डॉ.बाईंना फोन करून कळवलं. आवाज जरा चढलाच असेल.
आता राजगिरा आणि कांदा बंद. ताटात उरलं काय? भात, मूग, दुधी. दुधी, मूग, भात. पण चहा राहिला.

५ फेब्रु., बुध.
वाईट दिवस. सौ. गल्ल्यावर बसली होती, मी पातेल्यापाशी. म्हणाली,
"हे काय केलंत?"
"काय?"
"आत्ता. हातावर घेऊन चाटलंत ते."
"चव बघितली."
"आणि दूध बंद होतं त्या आठवड्यातही हे चालूच होतं? त्यात दूध नव्हतं?"
चार थेंब. उकळी आली की पळीनं तळहातावर घ्यायचे नि चाटायचे, मग साखर कळते, आलं कळतं, दूध कच्चं की मुरलं ते कळतं. वऱ्हाडातून आलो तेव्हा पुण्यातल्या एकाही चहावाल्यानं मला पातेल्याजवळ उभं केलं नाही. लोकांच्या फळीवर चहा पीत बघून शिकलो, आणि स्वतःच्या हातावर चाखून. मला शिकवणारा तो हातच. तिला म्हटलं, "चाखण्याला पिणं कोण म्हणतं?"
सौ. म्हणाली, "तुमचं पोट म्हणत असेल."

६ फेब्रु., गुरु.
तिला खोटं पाडायचं म्हणून प्रयोग केला. आज प्रत्येक पातेल्याला जेवढं चाखलं तेवढंच शेजारच्या काचेच्या ग्लासात टाकत गेलो. दोनदा चाखलं तर दोनदा टाकलं. मोजमापात माझा हात कुणी धरू नये.
दुपारी निम्मा भरला. संध्याकाळी काठोकाठ. अजून तीन पातेली व्हायची होती.
मोरीत ओतला. ग्लास सौ.ने विसळला. पालथा घालून गल्ल्यावर जाऊन बसली. 
म्हणजे दूधबंदीचा तो आठवडा फुकट. त्याआधीचे सगळे आठवडेही फुकट. दाणे, तूर, सगळ्यांची तपासणी खऱ्या गुन्हेगाराला मांडीवर बसवून चालली होती.
उद्यापासून दूध पुन्हा बंद, हातावरही नाही.

१३ फेब्रु., गुरु.
पोट सपाट. किती वर्षांनी. आनंद व्हायला हवा होता.
चहा वासावर आणि रंगावर चाललाय. केळकर परवा: "आज साखरेला सुट्टी का?" काल: "कालची रजा आज भरून काढलीत वाटतं." आज अर्धा कप ठेवून गेले. फळीवरचा तो अर्धा कप बघत उभा राहिलो. बोट बुडवायचं होतं. नाही बुडवलं.

१६ फेब्रु., रवि.
डॉ.बाईंच्या सांगण्यावरून शेवटची खात्री. एक कप, दुधाचा, माझ्या हातचा. बशीत ओतून सावकाश प्यालो. वेलदोडा किंचित पुढे, आलं मागे, साखर जिथं असायला हवी तिथं. चहा उत्तम होता. लिहून ठेवतो, पुन्हा लिहायची वेळ येणार नाही.
दुपारपर्यंत पोट धरून आडवा. दूधच.
फोनवर डॉ.बाई: "थेंबसुद्धा नको. सवय होईल हो."
कशाची?

२० फेब्रु., गुरु.
नवी युक्ती काढली. चाखायचं, थुंकायचं, चूळ भरायची. सकाळी दोन पातेली जमली. चव परत आली, तोंडात सगळं जागच्या जागी.
तिसऱ्याला केळकर फळीशी उभे, आज उशिरा आलेले. माझी पाठ होती, दिसले नाहीत. सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "अहो, मालक जो थुंकतात तो चहा आम्ही पैसे देऊन प्यायचा?"
दोघं हसले. एकानं कप खाली ठेवला.  पुण्यात इतकी वर्षं काढून मी केळकरांसमोर नुसतं पातेलं ढवळत राहिलो.
संध्याकाळी पोटही दुखलं. थोडं गिळलं जातंच.

२२ फेब्रु., शनि.
दुकान उघडलं नाही. सौ.ने विचारलं, "बरं नाही का?" पोट बरं आहे. तेच तर.
माझ्या पोटासाठी घरघंटी, हिंग, दुधी, सगळं केलं. पोट जिंकलं. आता या माणसानं करायचं काय?
तिला म्हटलं, दुकान चालवायला देऊन टाकू. "कुणाला?" म्हणाली. नाव सुचेना. कुणाला शिकवलंच नाही.

२३ फेब्रु., रवि.
सौ. पहाटे माझ्याआधी तयार. पातेल्यापाशी येऊन हात पुढे केला. "घाला."
चार थेंब घातले. तिनं चाटलं. तिला घरात सगळंच "बरं आहे" असतं, मी करपवलेलं पिठलंसुद्धा.
"साखर?"
"थोडी घाला."
"थोडी म्हणजे?"
"अहो, थोडी म्हणजे थोडी."
घातली. मला वासावरून आधीच पुरेशी वाटत होती. माझं नाक चुकतंय की तिची जीभ, हे ठरवायला तिसरा नाही.
केळकर आले. आज पूर्ण कप प्याले, पैसे ठेवले, माझ्याकडे न बघता सौ.ला "येतो वहिनी" म्हणून गेले. चहा चांगला होता, की तिच्यासमोर बोलायचं टाळलं? विचारायला फळीपर्यंत गेलो नि परत आलो.
पोट शांत.
काल दुकान बंद होतं म्हणून दूधवाल्याचा फोन आलाय: उद्या नेहमीएवढं टाकू की कमी? अजून सांगितलं नाही.