बरणीतले पाणी आणि वरची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कापड रंगवण्याचा, हे लिहून ठेवते. डोके ताळ्यावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. कोणी मला भरीस घातलेले नाही. मागच्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. कारण कलम चारमध्ये आहे.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. घराला जिना आहे, वर मजला नाही. आमचे हे गेले त्या वर्षी मजल्यासाठी ठेवलेले सगळे पैसे मी कारखान्यामागे गाळ खाली बसवणाऱ्या तीन टाक्या बांधण्यात घातले. तोवर आमचे रंगाचे पाणी सरळ ओढ्यात जायचे. या आठवड्यात कुठला रंग चालू आहे, हे खालच्या वस्तीतल्या बायका आम्हाला सांगायच्या. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि वरची खोली त्याला कबूल केलेली होती. अजून म्हणतो, "आई, माझी खोली ओढ्यात वाहून गेली." खोटे नाही.

२. मुलीला माझ्या बांगड्या आणि शिवणाचा डबा. डबा कॉन्व्हेंटमधला आहे. वर्गात शाई सांडली की शिवणाच्या सिस्टर रागवत नसत. फडके हातात देत आणि म्हणत, "ज्याने सांडलं, त्यानेच पुसायचं." धंद्याचे याहून वेगळे शिक्षण मला मिळाले नाही.

३. धाकट्या दिरांना दिवाणखान्यातले घड्याळ. टाक्या बांधताना ते म्हणाले होते, "वहिनी, चार महिन्यांत कारखान्याला कुलूप लागतंय, बघा घड्याळ लावून." अठ्ठावीस वर्षे झाली. घड्याळ चालू आहे, किल्ली वेळेवर द्यावी.

४. कारखाना. इथे जरा सविस्तर लिहिते. टाक्या सांभाळायला एक बाई आहे, तिला आम्ही टाकीवाली म्हणतो. रोज सकाळी ती तिसऱ्या टाकीच्या तोंडाशी काचेची बरणी भरते आणि माझ्या टेबलावर आणून ठेवते. बरणीमागे मी वर्तमानपत्र धरते. अक्षरे वाचता आली तर रंगाच्या भट्ट्या पेटतात, नाहीतर नाही.

मागच्या वर्षी एका परदेशी गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, तुमचा धंदा जगाच्या शाश्वत विकासाला कसा हातभार लावतो? उत्तराला तीन ओळी. माझे उत्तर कलम दोनमध्ये आहे, एका ओळीत मावते. मुलाने अकरा पाने लिहिली. सोबत टाकीच्या पाण्याचा नमुना पाठवायचा होता. नेमके त्या दिवशी पाणी गढूळ होते, म्हणून त्याने बाटली पिण्याच्या नळावर भरली. तपासणीत रंग निघाला नाही, क्लोरीन निघाले. तिकडच्या बाईंनी फोनवर विचारले, "तुमच्याकडे सांडपाणी पितात का?" मागणी गेली.

मी मुलाला विचारले, तर म्हणाला, "आई, एका दिवसाचा तर प्रश्न होता."

"त्या एका दिवशी खालच्या वस्तीत पाणी भरत नाहीत का?"

त्याच आठवड्यात मी ते मृत्युपत्र केले, त्यात कारखान्यावर त्याचे नाव ठेवले नाही, आणि तसे त्याला सांगितलेही. नंतर वर्षभर आम्ही मीठ-साखरेपुरते बोललो.

गेल्या मंगळवारी टाकीवाली तापाने घरी होती. आज बरणी येत नाही असे मी धरून चालले. आली. मुलगाच घेऊन आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात कोपरापर्यंत काळे. वर्तमानपत्र धरायची गरजच नव्हती, पाणी जांभळे होते.

"दुसऱ्या टाकीचं तोंड तुंबलंय," म्हणाला. "भट्ट्या पेटवू नका म्हणून सांगितलंय. माल उशिरा जाईल, गिऱ्हाइकाला कळवलं."

"कारण काय सांगितलंस?"

"खरं तेच. मग काय, नळाचं पाणी पाठवू?"

वर्षभरात आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो. सबब कारखाना मुलाला. त्यातला दहावा हिस्सा टाकीवालीला, आणि तिसऱ्या टाकीच्या झडपेची किल्ली तिच्याकडेच. तिच्यानंतर ती म्हणेल त्याच्याकडे. मालक मुलगा, पण तिने नको म्हटले तर भट्टी पेटणार नाही. यात अविश्वास नाही. इतकी वर्षे माझ्यावरही तीच किल्ली होती.

५. बँकेतल्या ठेवीतून जिन्याच्या शेवटी एक खोली बांधावी. ती मुलाची एकट्याची, मुलीला विचारले आहे, ती म्हणाली, "दे बाई, कटकट मिटेल." खिडकी ओढ्याच्या बाजूला ठेवावी. तो लहान असताना वासामुळे त्या बाजूचे काही आम्ही उघडत नव्हतो. बेचाळिसाव्या वर्षी खोली घेऊन मी काय करू, असे तो म्हणेल. खिडकी उघडून बसावे. कबूल केली होती.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

साक्षीदार: आमच्या डॉक्टरीणबाई, समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. (टाकीवालीला साक्षीदार व्हायचे होते. जिला मिळणार तिला होता येत नाही असे कळल्यावर ती म्हणाली, "मग मिळणं राहू दे." तिचे ऐकलेले नाही.)

ठिकाण: कारखान्याचे कार्यालय, बरणी ठेवतो ते टेबल.
तारीख: ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, सकाळ. अक्षरे वाचता आली.