शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, व्यवसाय मोटार ड्रायव्हिंग स्कूल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, डोकं नाही. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्याही माझ्याकडेच गाडी शिकल्या, चौथ्या खेपेला पास झाल्या.

१. राहतं घर, कपाटं-भांड्यांसकट, मुलाला. त्याबद्दल वाद नाही.

२. शिवणाचं मशीन धाकट्या भाऊजींना साभार परत; मूळचं ते त्यांचंच. हे गेले तेव्हा भाऊजींनी ते स्वतः उचलून आणलं. "वहिनी, घरबसल्या चार झबली शिवा," म्हणाले. मी म्हटलं, "यांची गाडी दारात उभी आहे. मी बायकांना गाडी शिकवीन." तर हसून हसून बेजार! "बाईच्या हाताखाली शिकायला येणार कोण?" भाऊजी, आता सांगायला हरकत नाही. पहिली आली ती तुमची बायको. रोज दुपारी, तुम्ही घोरत असताना. मशीन अजून नवंकोरं आहे, झबली तुम्हीच शिवा.

३. ड्रायव्हिंग स्कूल, दोन्ही गाड्या आणि गॅरेज माझ्या सुनेला, एकटीला, कायमचं. मुलाने यात लुडबुड करू नये. परवा जेवताना तो म्हणाला, "आई, तुझ्यामागे गाड्या विकून टाकू, गॅरेज भाड्याने देऊ. ही एकटी काय सांभाळणार?" सून ताट उचलून आत गेली. माझं डोकंच फिरलं. बाळा, काकाची भाषा तू कधी शिकलास रे?

खरं सांगायचं तर चूक माझीही आहे. अकरा वर्षं ती शिकवते आहे आणि अकरा वर्षं मी मागच्या सीटवर बसून "हळू गं, हळू गं" करते आहे. शिकणारा चुकला तर दाबता यावा म्हणून आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. आधी तो माझ्या पायाखाली होता. गेल्या मंगळवारी वळणावर एक आजीबाई छत्री सावरत अचानक समोर आल्या. शिकणारी मुलगी किंचाळली आणि स्टिअरिंग सोडून बसली. मागे बसल्या बसल्या माझा पाय सवयीने दाबला गेला. खाली नुसता पत्रा. गाडी मात्र थांबली होती. सून त्या मुलीला सांगत होती, "घाबरू नकोस, मी आहे ना." मला रडूच आलं, आणि ते आनंदाचं होतं.

४. कलम तीन येत्या सोमवारपासून लागू. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. असेल बुवा. म्हणून सुनेच्या नावाची पाटी मी आजच रंगवायला दिली आहे. सोमवारपासून मागच्या सीटवर मी दिसले तर तिने मला खुशाल उतरवून द्यावं.

स्थळ: गॅरेज, धाकट्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून.
दिनांक: चौदा, शनिवार.

सही: क्लचकाकू (विद्यार्थी मला याच नावाने ओळखतात)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. सही समोर झाली. बाई ठणठणीत आहेत.

साक्षीदार २: धाकटे भाऊजी. वाचलं. सही करतो आहे. मला इथे गाडीने बायकोच घेऊन आली, आणि वाटेत एकदाही गचका बसला नाही.