छत्तीस इंचांचा ओटा

॥ श्री ॥
चिंचवड, १४ जानेवारी १९७९

चि. सौ. अरुंधतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तिळगूळ पाठवला आहे. वाटेत चुरा झाला असला तरी गोड मानून घे.

घराची चौथी मोडतोड एकदाची संपली. बासष्ट साली अप्पांनी दोन खोल्या आणि ओसरी बांधली तेव्हा भोवती नुसती ज्वारी होती. मग कंपन्या आल्या, भाडेकरू आले. ओसरीची खोली झाली, कौलं जाऊन स्लॅब पडला, परसात जिना उभा राहिला. आता चूल काढून गॅस आणला आणि उभ्याचा ओटा केला. उंची बरोबर छत्तीस इंच, आमच्या कंपनीच्या टूलरूममधल्या टेबलाइतकी. तिथे आठ तास उभं राहून माझी कंबर कधी दुखली नाही. रहाटणीचा भिमाजी गवंडी मात्र, आजींना इचारलं का न्हाई, म्हणून मागे लागला होता. आईच्याच सुखासाठी करायचं, त्यात तिला काय विचारायचं?

पण महिनाभर आई स्वयंपाकघरात फिरकलेली नाही. बाहेर खुर्चीवर बसून असते. काल म्हणाली, मला कायमची मिरजेला अरुंधतीकडे पोचव. माझं काय चुकलं ते कळेना. तूच समजाव.

मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा, दादा

मिरज, २२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तिळगूळ मुलांनी चुऱ्यासकट संपवला.

तू हुशार आहेस यात वाद नाही, पण आईची उंची तुला ठाऊक आहे का? चार फूट आठ इंच. तुझ्या त्या टेबलापाशी पातेल्यात डोकावायला तिला चवड्यांवर उभं राहावं लागत असेल. ओसरी गेली तेव्हा तिची पापड लाटायची जागा गेली, जिना आला तेव्हा धुण्याचा दगड गेला. ती बोलली नाही, कारण चूल होती. आता स्वतःच्या घरात तिला हात चालवायला जागाच उरली नाही. ती माझ्याकडे राहिली तर मला आनंदच आहे. पण घर सुटलं म्हणून आली, तर ते मला सोसणार नाही.

धाकटीला इतकं बोलायची मुभा तूच दिली आहेस. वहिनीला नमस्कार, राग मानू नये, माया असू द्यावी.
तुझी, अरुंधती

चिंचवड, ३० जानेवारी

सौ. वन्संना,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं. मीही उंच, त्यामुळे माझ्याही लक्षात आलं नाही, याची लाज वाटते.

खिडकीकडचा अर्धा ओटा उतरवायचं ठरवलं. सासूबाईंना माप विचारलं, तर ओट्याशी आता माझा काय संबंध, म्हणून तोंड फिरवलं. शेवटी काल दुपारी त्या झोपल्यावर आम्ही दोघांनी दोरीने टाचेपासून कोपरापर्यंत माप घेतलं. त्यांना पत्ता लागला नाही. भिमाजी उद्या येतो आहे.

सर्वांना यथायोग्य. आठवण ठेवावी.
आपली, नीलिमा

चिंचवड, ११ फेब्रुवारी

चि. सौ. अरुंधतीस,
अनेक आशीर्वाद. पत्र नीलिमापासून लपवून लिहिते आहे, तू तिला सांगू नकोस.

त्या दुपारी मी जागी होते. डोळे मिटून पडले होते, तर पायाशी दोरी लागली. नीलिमाने एक टोक धरलेलं, तुझ्या दादाने दुसरं. निजल्या माणसाचं माप कशासाठी घेतात, ते तुझे अप्पा गेले तेव्हा पाहिलं आहे. वाटलं, ह्यांची तयारी झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रागावले नाही. माप कमी पडू नये म्हणून पाय सरळ केले.

तिसऱ्या दिवशी भिमाजी ओटा फोडायला लागला तेव्हा उलगडलं. मला इतकं हसू आलं की दोघं घाबरून बाहेर धावत आली.

आता उंच भागावर नीलिमा पोळ्या करते, बुटक्या भागावर मी भाजी. पातेल्यात काय शिजतंय ते दिसतं.

मिरजेला मी येणार आहे. चार दिवस, पाहुणी म्हणून. परतीचं तिकीट आधी काढून ठेव.
तुझी, आई