भाईमामांच्या रेडिओची खुशाली

तोंडवली, ता. मालवण

तीर्थस्वरूप भाईमामांस,

दत्तप्रसादाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे नमस्कार यंदा अर्ध्यावर थांबला आहे. उरलेला तुम्ही शिमग्याला आलात की पुरा करीन.) तुमची तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, सुगंधामामींनी तुमचं गोड बंद केलं ते अजून बंदच आहे की तुम्ही वाट काढलीत, हे सविस्तर कळवावं. इकडे आम्ही सगळे बरे. शर्मिला तुमची सून शोभेल अशीच आहे, म्हणजे मला वेळेवर जेवायला घालते आणि वेळेवर बोलते. पर्यटक पाहुण्यांना भाड्याने देतो त्या दोन्ही खोल्या दिवाळीपासून भरलेल्या आहेत. आईची तब्येत उत्तम. मालवणच्या डॉक्टरांनी तिला तपासून मलाच रक्तदाबाची गोळी लिहून दिली.

आजच्या काळात पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनच करणार होतो. पण फोन उचलला की आई शेजारी येऊन बसते, आणि तिला ऐकू येत नाही असं आपण धरून चालतो नेमकं तेव्हा तिला सगळं ऐकू येतं. मजकूर तिच्याबद्दलचा आहे, म्हणून मागच्या पडवीत माशांची जाळी दुरुस्तीला घेतल्यासारखं करून लिहितो आहे.

तर तुमचा मोबाईलवरचा बोलका निरोप पोचला. तुमच्या नातवाने, अनिशने, तुम्हाला कॉम्प्युटरवर वाचून दाखवलं की शॉर्टवेव्हचे असले हातातले रेडिओ फार तर वीस-पंचवीस वर्षं टिकतात, आणि त्यावर तुम्ही म्हणालात की माझा बोटीवरून आणलेला रेडिओ अजून जिवंत असेल तर शिमग्याला येऊन घेऊन जातो, वसईच्या नव्या शोकेसमध्ये ठेवायला. मामा, रेडिओ तुमचा आहे. तुम्ही आणलात, तुम्ही न्यावा, आम्ही कोण अडवणारे. तो जिवंत आहे. शोकेसमध्ये जाण्यासारखं त्याने काही केलेलं नाही एवढंच माझं म्हणणं. खरी अडचण आईची आहे. रेडिओ गेला तर तिच्या संध्याकाळचं काय करायचं, हे मला कळत नाही. पण ते क्रमाने सांगतो.

आधी रेडिओ टिकला कसा ते ऐका, म्हणजे अनिशलाही सांगता येईल. समुद्र आमच्या अंगणापासून हाकेवर. इथल्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज गंजले, माझ्या दोन मोटरसायकली गंजल्या, ग्रामपंचायतीने लावलेला स्वागताचा फलक गंजून त्यातलं 'स्वा' गेलं. तुमच्या रेडिओला मात्र गंजाचा ठिपका नाही. याचं कारण तुमची बाय, म्हणजे माझी आई. ऐकून झालं की ती रोज सेल काढते, पदराने पुसते आणि वेगळ्या डब्यात ठेवते. (सेल आत राहिले की हिरवी बुरशी सुटते हे तिला कोणी शिकवलं नाही. हिरवं काहीही तिला लोणच्यातसुद्धा चालत नाही, त्यातूनच ते आलं असावं.) अंगावर तिच्या जुन्या मऊ लुगड्याचा बटव्यासारखा अभ्रा. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून अभ्र्यासकट तांदळाच्या डब्यात मुक्काम. एका पावसात पाठीमागच्या झाकणात पालीने अंडी घातली, तर आईने पिल्लं बाहेर येऊन आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत रेडिओ लावू दिला नाही. घरात बाळंतीण असल्यासारखे आम्ही सगळे हळू बोलत होतो.

सगळं मूळचं आहे, मामा. एरियल तेवढं बदललं, कारण मूळचं मी लहानपणी पतंगाला लावलं होतं. आताचं छत्रीचं आहे आणि मूळच्यापेक्षा लांब आहे. स्पीकर मालवणला बदलला. आणि स्टेशन फिरवायचं बटण मूळचंच, पण त्याचा इतिहास आहे. ते एकदा तांदळाच्या डब्यात निसटलं. बरेच दिवस आम्ही टूथपेस्टच्या टोपणावर भागवलं. मग एके दुपारी कोल्हापूरच्या एका पाहुण्याने सुरमईच्या थाळीत भाताखालून काहीतरी काळं काढलं आणि ही कुठली आमसुलाची जात असं विचारलं. शर्मिलाने ते अत्यंत शांतपणे उचललं आणि हे आमच्याकडे नशीबवान पाहुण्यालाच मिळतं असं सांगितलं. ते गृहस्थ दर वर्षी येतात. बटण कुकरमधून शिजून आल्यामुळे जरा वाकडं झालं आहे, पण फिरतं.

आता काट्याची गोष्ट, कारण सगळं तिथे अडकलं आहे. तुम्हाला आठवत असेल, रेडिओ तुम्ही आईच्या हातात दिलात तेव्हा ती नवीन लग्नाची होती आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटीवर जाणार म्हणून रडत होती. तेव्हा तुम्ही तिला समजूत म्हणून सांगितलंत, की बाय, दिवेलागणीक काटो नऊ आणि धाच्या मदी हाड, मी बोटीवरसून बोलतलंय. तुम्ही थट्टा केलीत आणि जहाजावर चढलात. आई दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावून ओट्यावर बसली आणि काटा नऊ-दहाच्या मधे आणला. तिथे स्टेशन नव्हतं, नुसती खरखर होती. आजी म्हणाली काही ऐकू येत नाही. आई म्हणाली, "भाई बोलता गो, पण दर्याचो आवाज लय आसा." तेव्हापासून ती रोज तिथे काटा लावून बसते. तुम्ही निवृत्त झालात, वसईत घर घेतलंत, नातवंडं झाली, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी खरखर सुरू झाली की ती बोलायला लागते. कोणाच्या आंब्याला मोहोर आला, कोणाची सून पळाली, बांगडा काय भावाने गेला, आणि मी कसा काही कामाचा नाही. मधेच थांबते, ऐकते, आणि पुढे बोलते.

काही वर्षांपूर्वी आतलं काट्याचं सूत तुटलं. मी घरीच खोललं आणि सुताच्या जागी तंगूस घातला, मासे धरायच्या गरीला लावतो तोच नायलॉनचा दोरा, चांगला जाड. बळकट म्हणाल तर त्याला अख्खा तांबोसा मासा लटकवता येईल. पण तंगूस ताणला जातो, त्यामुळे काटा बोटभर सरकला आणि नऊ-दहाच्या मधली खरखर आता बाराच्या पुढे लागते. मी आईला समजावायला गेलो. ती म्हणाली, "माका कळता. भाईची बोट गोव्याच्या बाजूक सराकली."

मग गेल्या श्रावणात रेडिओ एकदम मुका झाला. खरखरसुद्धा नाही. सेल बदलले, बटणं फिरवली, दोन थपडा दिल्या (आईने मला त्याहून जोरात एक दिली). आई जेवेना. मी म्हटलं उद्या मालवणला नेतो. पण शेजारचा बाबली, जो आमच्या वाडीत गाऱ्हाणी घालतो, तो म्हणाला की आधी देवाच्या कानावर घालूया, मेकॅनिक काय पळून जात नाही. आई लगेच उठली. पाटावर रेडिओ, त्याला जास्वंद, पुढे विडा-नारळ. वाडी जमली. दोन्ही खोल्यांतले पाहुणे मोबाईल उंच धरून उभे राहिले. बाबलीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातलो रेडियो मुको झालो आसा, तेका कोणाची नजर लागली आसात, कोणाचो वाकडो पाय पडलो आसात, तर ती नजर भायर काढ रे म्हाराजा. आम्ही सगळे, होय म्हाराजा. बाबलीला चढत गेलं. शेवटच्या मागणीला त्याने हातातला नारळ आवेशाने पाटावर आदळला, आणि पाटावरून रेडिओ मोठ्या आवाजात बोलू लागला. एक बाई, अतिशय ठणठणीत, बहुधा चिनी भाषेत.

बाबली जागच्या जागी बसला. मागच्या काही लोकांना वाटलं की देवच बोलला, आणि सवयीने ते प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा म्हणत राहिले. त्या चिनी बाईला आपल्या बातम्यांना एवढी मान्यता आयुष्यात कधी मिळाली नसेल. बाबलीने मला हळूच विचारलं की देव ही खंयची भाषा बोलता. उत्तर आईने दिलं, "देव नाय रे. भाईची बोट चिनाक लागली." मग तिने बटण फिरवून आपली खरखर लावली आणि सगळ्यांना प्रसादाला बसवलं.

दुसऱ्या दिवशी तरी मी तो मालवणला जितेंद्रकडे नेला. (जितेंद्र हल्ली मोबाईलच दुरुस्त करतो, पण वडिलांची रेडिओची हत्यारं अजून दुकानात टांगून ठेवली आहेत.) त्याने उघडला, आत तंगूस बघून दोन मिनिटं हसला आणि एक सैल तार डाग देऊन पक्की केली. मी विचारलं, किती दिवसांचा सोबती आहे हा? तो म्हणाला, "दत्तोबा, ह्यो तुमच्या नातवांक पुरात. ह्येका काय्येक होणा नाय. सगळी स्टेशनांच बंद पडतत, ह्येचो काय दोष?" खरंच आहे ते. पूर्वी काटा जरा हलवला की जगातला कोणी ना कोणी बोलायचा. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, एखाददुसरा सोडला तर कोणी नाही. रेडिओ कान देऊन बसला आहे आणि बोलणारे उठून गेले. आईच्या लक्षात हे आलेलं नाही, कारण तिला हवी असलेली खरखर उलट पूर्वीपेक्षा स्वच्छ येते.

असो. शिमग्याला जरूर या. रेडिओ पुसून, अभ्र्यासकट तयार ठेवतो. शोकेसमध्ये दमट नसावं, आणि सेल आत ठेवू नयेत. मामींना नमस्कार, अनिशला आशीर्वाद. त्याला सांगावं की कॉम्प्युटरवर लिहिणाऱ्यांनी एकदा तोंडवलीला येऊन जावं.

आपला भाचा,
दत्तप्रसाद

ता. क. मामा, पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. इतकं पाल्हाळ लावून मूळ गोष्ट लिहिलीच नाही, कारण तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती. तुम्ही रेडिओ न्या, पण मग रोज दिवेलागणीला आईला फोन करा. गणपतीत तुमचा शेवटचा फोन आला होता. ती तक्रार करत नाही, म्हणून मी करतो. तुम्ही बोला नाहीतर नुसती खरखर करा, तिला चालेल. तिला तुम्ही अजून बोटीवर आहात असं खरंच वाटतं की काय, या काळजीने मला झोप लागत नाही. डॉक्टरांनी तिचं डोकं ठीक आहे म्हटलं, पण डॉक्टरांनी तिला दिवेलागणीला पाहिलेलं नाही.

ता. क. दुसरा. घात झाला. मी नवं पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात आईने शर्मिलाकडून सगळं पत्र वाचून घेतलं. माझ्यावर बरंच बोलून झालं आहे. आता ती समोर बसून सांगते आहे आणि मी तिच्या शब्दांत लिहितो आहे, एक अक्षर बदललं तर रात्री जेवण नाही.

"भाई, ह्यो दत्तो खुळो आसा. रेडियोतून तू बोलणस नाय तां माका पयल्याच सालात कळलां. माका काय अक्कल नाय? पण तुज्याशी बोलूचां तर खंय बोलू? फोन केलंय की तू 'बरां आसा बाय, ठेवतंय' म्हणतंस. माजा अर्धा बोलणां तोंडातच रवता. ह्यो रेडियो इतक्या वर्सांत एकदाय माका 'ठेवतंय' म्हणूक नाय. तुजो आसा, तू घेवन जा, माजी ना नाय. शिमग्याक ये, चार दिस राव. आणि येताना वसयेसून सेल घेवन ये, हंयचे लगेच बसतत."